पोरांसाठीचा खटका

व्हॅनचं दार मी आतून ओढून पाहिलं, ते धाडकन लागलं आणि आतली मूठ माझ्या हातात नुसतीच हलली. पुन्हा ओढली. दार जागचं हलेना.

नवे रोलर घातले होते, पट्टी घासूनपुसून ग्रीस लावलं होतं, केबल बदलली होती. मग चुकलं कुठे? तेव्हा आठवलं. सरकत्या दाराच्या कडेला पोरांसाठी एक बारीक खटका असतो. तो खाली केला की दार फक्त बाहेरून उघडतं. शाळेची व्हॅन, म्हणून सवयीने मीच तो खाली केला होता. तीस वर्षं हीच दारं दुरुस्त करणारा कारागीर आपल्याच हाताने कोंडला गेला! पुढे ड्रायव्हरच्या पाठीमागे जाळी, मागच्या दाराला आतून मूठच नाही. हसावं की रडावं, कळेना.

दादाला हाक मारणार, एवढ्यात आमच्या गॅरेजसमोर स्कूटर थांबली.

"तुमचे धाकटे बंधू आहेत का?"

आवाज मी ओळखला. इस्पितळाच्या गाड्यांच्या वर्कशॉपचा फोरमन. आठ दिवसांपूर्वी त्याने मला पक्की नोकरी देऊ केली होती. 'घरी विचारून सांगतो,' असं मी म्हणालो होतो. बायको त्याच दिवशी हो म्हणाली. उरला होता दादा, आणि त्याच्यासमोर आठ दिवस माझं तोंड उघडलं नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षीही मी त्याचा बारक्याच.

"सामान आणायला गेलाय वाटतं," दादा म्हणाला. "काय काम होतं?"

"दारांच्या कामाला माणूस हवाय आम्हाला. त्यांना बोललो होतो. आज हो की नाही ते कळलं तर बरं, नाहीतर सोमवारी दुसरा घेतोय."



"तो नाही यायचा."

"त्यांनाच विचारलं असतं..."

"त्याला काय विचारायचं? मी थोरला आहे ना! इथलं सोडून तो जातोय कुठं?"

काचेवर थाप मारायला मी हात उचलला. एक थाप पुरली असती. पण परक्या माणसासमोर दादाला खोटं पाडायचं? जन्मात कधी केलं नव्हतं. हात तसाच वर राहिला आणि स्कूटर निघून गेली. मला दादाचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझ्या त्या हाताचा.

मग थाप मारली.

दादाने बाहेरून दार ओढलं. ते अलगद सरकलं. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तू... आत होतास?"

"खटका खाली राहिला. कोण आलं होतं?"

"कुणी नाही. रस्ता विचारत होता."

"सांगितलास?"

"सांगितला."

माझ्याकडे न बघताच तो वाकला आणि खटका वर करायला गेला. दोन वर्षांपासून त्याची बोटं थरथरतात. साधा स्क्रूही त्याच्या हातून बसत नाही. सगळं काम मीच करतो, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. नख खटक्यावरून एकदा घसरलं, दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा घसरल्यावर त्याने हात खिशात घातला.

"ग्रीस लागलंय त्याला," तो म्हणाला.

"राहू दे, दादा. शाळेची गाडी आहे. खालीच बरा."

मी खाली उतरलो आणि दार बाहेरून ओढून लावलं.