धुळाच्या कमरेतली बोंब

मी प्रोस्टाग्लँडिन बोलतोय. नाव एका दमात घेता आलं नाही तरी राग नाही. मी पुरुषांच्या एका ठरावीक ग्रंथीतून येतो असं कुणा परदेशी विद्वानाला वाटलं, म्हणून तिचंच नाव मला चिकटलं. पुढे कळलं, ग्रंथी चुकली. नाव तेवढं राहिलं. आज, म्हणजे एकोणीसशे चौसष्ट साली, तिकडचे शास्त्रज्ञ मेंढ्यांच्या नको त्या जागेच्या ग्रंथी गोळा करून माझं रूप कागदावर काढत बसलेत.

खरं तर मी चरबीचा एक तुकडा. तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ कुंपण असतं. इजा झाली की त्यातला तुकडा निघतो आणि त्याचा मी होतो. मग मी बोंब मारतो: रक्त आणा, त्यातल्या पांढऱ्या पेशींचे पहारेकरी बोलवा, नवी कातडी करा! जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि माणूस मला शिव्या घालतो. आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं, तेही शिव्या खाण्यात जातं. मी गेलो की दुसरा येतो. तेव्हा हे बोलणं सगळ्या घराण्याच्या वतीनं समजा.

आमची सगळ्यात लांबलेली नोकरी भुकूमच्या माळावर झाली, धुळा धनगराच्या कमरेत.

धुळा धोतर असं आवळायचा की पोटावर बोटभर खोल वळ उठायचा. कंबर ढिली तर माणूस ढिला, असं त्याचं मत होतं. उजव्या बाजूला गाठ रोज घासायची, तिथं कातडी सोलवटली. आम्ही ओरडलो. त्यानं गाठ सैल केली नाही, उलट वरून बिब्बा लावला. बिब्ब्यानं फोड आला. आम्ही आणखी ओरडलो. तेव्हा त्यानं आणखी बिब्बा लावला.

असं एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं चाललं. जखम भरत यायची, गाठ ती पुन्हा उघडायची. आम्ही म्हणायचो, नवी कातडी करा. पेशी बिचाऱ्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहायच्या. इतक्या घाईच्या कामात एक पेशी बिघडली. तिला थांबणंच कळेना. आमचा हुकूम नसतानाही ती वाढू लागली.

इथं मला मान खाली घालावी लागते. ती पेशी पुढे आम्हालाच घडवू लागली. आमच्याच आवाजात तिनं रक्ताच्या नव्या वाटा मागवल्या. पहारेकरी चौकशीला आले, तेव्हा आमच्याच आवाजात त्यांना सांगितलं, काही नाही, घरचंच माणूस आहे, जा. आणि ते गेले.

धुळाची बायको बानूबाई मात्र गेली नाही. ओढ्यावर धोतर धुताना तिला रोज एकाच जागी डाग दिसायचा. तिनं विचारलं की तो म्हणायचा, गोचीड चावली. एके सकाळी तिनं त्याची दोन्ही धोतरं पाण्यात बुडवली आणि सांगून टाकलं की दवाखान्यात येणार असाल तरच ती वाळतील. धुळा तासभर घोंगडी गुंडाळून रुसून बसला. मग तसाच, घोंगडी गुंडाळूनच, एस.टी.नं पौडला गेला. कंडक्टरनं त्याच्याकडे दोनदा पाहिलं. बानूबाईनं कंडक्टरकडे एकदाच पाहिलं, आणि त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

दवाखान्यात घोंगडी बाजूला झाली. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी कमरेवर उगवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे?

"लई दिस न्हाई," धुळा म्हणाला. "धाकटी लेक रांगत व्हती तवापास्नं."

बानूबाई म्हणाली, "तिचं लगीन हुन दोन वर्सं झाली, डाक्टरसायेब."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुण्याच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. तिथं तुकडा काढून भिंगाखाली पाहिला आणि कॅन्सर निघाला. चिघळत चिघळत जखमेचाच झालेला. सगळं कापावं लागेल, मुळं जांघेत गेली असतील तर कापूनही उपयोग व्हायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. धुळानं मेंढरांचं कोण बघंल एवढंच विचारलं. मेंढरं बानूबाईनं आधीच आपल्या भावाकडे, बाजीकडे सोपवली होती.  तो तिचा हात धरून बसला. चारचौघांत त्यानं तसं कधी केलं नव्हतं.

तळहाताएवढी जागा कापली. मांडीची कातडी काढून वर बसवली. मुळं जांघेत गेली नव्हती. ठणका लागला की परिचारिका पांढरी गोळी द्यायची. ती आमचा कारखानाच बंद पाडते. कशी, ते अजून देणाऱ्यालाही माहीत नाही.

या गोष्टीला वर्ष झालं. आत्ता मी बानूबाईच्या टाचेत आहे. माळावर बाभळीचा काटा रुतला, मी ओरडलो. "कायबी न्हाई, बोचलंय जरा," म्हणत ती चालू लागली.

धुळानं काठी आडवी घातली. "हितं बस. दाव."

ती बसली. त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि पिनेनं काटा उकरून काढला.

मी काही कानाला गोड लागणारा प्राणी नाही. पण मी एकाच जागी महिनोन्‌महिने बोंबलत असेन, तर मला शिव्या घाला, गोळी द्या, आणि तेवढ्यावर न थांबता जरा वाकून बघा.

टाचेची आग आता निवत चाललीय. माझं काम झालं. येतो.