लंगडी चाल

लग्न ठरलं, हॉल ठरला. केक कोणी करायचा हा प्रश्नच नव्हता, कारण नवऱ्या मुलाची स्वतःची बेकरी होती. गाडं अडलं ते एका गीतावर.

दोन्ही घरची माणसं नवरीच्या घरी चहाला जमली होती. नवरीच्या वडिलांनी कागद-पेन घेऊन उपासनेची रूपरेषा लिहायला सुरुवात केली, तेव्हा नवरी म्हणाली, "मी चर्चमध्ये आत येताना आजोबांचं गीत म्हणायचं."

"कुठलं?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

"हळू चाल प्रभुराया."

सासूबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. "अगं, ते मयताचं गीत आहे."

नवरा मुलगा आईकडे बघेना आणि नवरीकडेही बघेना; तो बिस्किटांकडे बघत बसला. नवरीचे वडील मुळातच भिडस्त. त्यांनी लिहिलेलं खोडलं, आणि खोडलेलं कोणाला दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

"ते मयताचं नाही," खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. "माझं आहे."

ही आत्या. नवरीच्या वडिलांची थोरली बहीण. भाचीची ती आत्या होतीच, पण आता शेजारपाजारचे, दुकानात येणारी गिऱ्हाइकं आणि चर्चचे पाळकसुद्धा तिला आत्याच म्हणत. सत्तरी उलटून गेली तरी ती वडिलांच्या बूट शिवायच्या दुकानात रोज बसायची. तिचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा आखूड. त्या पायातल्या बुटाला जाड तळ असे, आणि ती चालू लागली की फरशीवर टाऽक-टुक, टाऽक-टुक असा आवाज येई. गल्लीतली मुलं त्या आवाजावरून पळायचं की थांबायचं ते ठरवत.

"तुमचं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "सगळं जग ते मातीच्या वेळी म्हणतं. माझ्या मुलाच्या लग्नात लोकांनी रुमाल काढायचे का?"

"जग चुकीचं म्हणतं," आत्या म्हणाली.

चहा गार झाला, आणि लग्नाला उणेपुरे तीन आठवडे असताना दोन घरं एकमेकांशी जपून बोलू लागली.

जग चुकीचं म्हणतं हे आत्या उगाच म्हणत नव्हती. तिचे वडील बूट शिवण्यात पटाईत होते आणि चालण्यात वादळ. रविवारी चर्चची घंटा झाली की ते आधीच उशीर झाल्यासारखे निघत. आत्या तेव्हा पाचेक वर्षांची. वडिलांचं बोट धरून ती अक्षरशः ओढली जायची. एका रविवारी ती रस्त्यातच खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, हळू चाला ना. माझं पाऊल लहान आहे."

वडील थांबले. त्यांना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि मग, माणूस अवलिया असल्यामुळे, गाणं सुचलं. पुढचा सगळा रस्ता ते तिच्या पावलाने चालले आणि तिच्या पावलावरच शब्द बसवत गेले. एक सूर लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. मुलगी लंगडत होती तसं गाणंही लंगडत, उड्या मारत निघालं:

हळू चाल प्रभुराया, पाऊल लहान,
मागे नको टाकू मला, मी तर अजाण.
वाट तुझी लांब आणि बळ माझे थोडे,
बोट तुझे हाती, मग कशाला रे जोडे?

घरी आल्यावर आईने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, जोडे कशाला म्हणता? आपण खायचं काय मग?"

पण जोडे राहिले. पाळकांना गीत आवडलं. त्या वर्षीच्या वर्धापनदिनी लहान मुलांनी ते चर्चच्या मधल्या वाटेवरून चालत म्हटलं. पुढे आत्या, आणि तिच्यामागे चांगल्या धडधाकट पायांची सगळी पोरं मुद्दाम लंगडत. मंडळी हसून हसून बेजार झाली. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासारखं चालता येणं ही मोठी गोष्ट आहे असं आत्याला वाटलं. नीट चालणारी पोरं तिची नक्कल करून थकत होती, आणि तिला ते न शिकताच येत होतं.

मग काही वर्षांनी थंडीत साथ आली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा लहान मुलगा गेला. त्याच्या आईने एवढंच सांगितलं की 'पाऊल लहान' म्हणा, त्याला ते आवडायचं. मास्तर स्वतःच वाजवायला बसले. लोक नको म्हणाले, पण ते बसले. त्यांच्या बोटांना त्या दिवशी उडी मारता येईना. प्रत्येक सूर सारखा, लांब, जड असा आला, आणि मंडळी त्यांच्या मागून तसंच गात गेली. अशा वेळी घाई कोण करणार?

तिथून ते गीत तसंच राहिलं. दुसऱ्या गावच्या पाळकांनी ते त्या दफनाच्या वेळी ऐकलं आणि सोबत नेलं. ते गीतपुस्तकात छापलं गेलं. दवाखान्यांत, बोटींवर, सैनिकांच्या छावण्यांत पोचलं, परक्या भाषांत गेलं. कुठल्या कुठल्या देशांत लोक आपल्या माणसांना त्या कडव्यांनी निरोप देऊ लागले. मोठं झालं गीत. पण बाजारात कोणी ते सहज गुणगुणलं तरी शेजारचा विचारायचा, "कोण गेलं?"

आत्याच्या वडिलांना याचं काही वाटलं नाही. "बूट शिवून दिला की गिऱ्हाईक तो घालून कुठे जातं ते आपण विचारतो का?" असं ते म्हणत. आत्याला मात्र वाटत राहिलं. आपलं लंगडणं लोकांनी इस्त्री फिरवून सपाट केलं, असं तिला वाटे. हे ती कोणाला बोलली नव्हती. बोलणार तरी कशी? रडणाऱ्या माणसाला, तू माझं गाणं चुकीचं रडतोस, असं कसं सांगायचं?

आता भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने ते बाहेर पडलं, आणि एकदा बाहेर पडल्यावर आत्या मागे हटेना.

"ताई, जाऊ दे ना," भाऊ म्हणाला. "दुसरी काय कमी गीतं आहेत?"

"तू लहानपणापासून 'जाऊ दे' म्हणतोस. तुझं काय काय गेलं ते मोज एकदा."

तिने नवऱ्या मुलासाठी शिवलेले लग्नाचे बूट पिशवीत घातले आणि माप बघायचं निमित्त करून थेट बेकरी गाठली. नवरा मुलगा नेमका बाहेर गेला होता. मागच्या खोलीत त्याची आई, म्हणजे विहीणबाई, एकट्याच संध्याकाळच्या पावाचं पीठ मळत होत्या. लाकडी टेबल, भट्टीची ऊब, आणि बाईंचे हात कोपरापर्यंत पांढरे.

"बसा," त्या म्हणाल्या. "हात थांबवता येणार नाही."

"थांबवू नका. मी बोलते, तुम्ही मळा."

आत्याने सगळं सांगितलं. रस्त्यात बसलेली ती, वडील, लंगडणारी पोरं, मास्तरांचा मुलगा. वकिलासारखा मुद्द्यावर मुद्दा ठेवला. शेवटी म्हणाली, "म्हणून सांगते, ते आनंदाचं गीत आहे. लोकांनी त्याचं सुतक करून टाकलं."

विहीणबाईंनी पीठ उलटलं, दाबलं, पुन्हा उलटलं.

"पोराचे वडील गेले तेव्हा तो माझ्या कडेवर होता," त्या म्हणाल्या. "सकाळी भट्टी पेटवली आणि तिथे, त्या कोपऱ्यात, बसले ते उठलेच नाहीत. चर्चमध्ये मला बाकावरून उभं राहवेना. दोन बायकांनी धरलं होतं. तेवढ्यात तुमचं गीत सुरू झालं. हळू चाल. मला वाटलं, मी देवाला नाही, ह्यांनाच म्हणतेय. अहो, हळू चाला, एवढे कुठे पुढे निघालात, मला मागे टाकून? मोठ्याने म्हटलं मी. भांडल्यासारखं म्हटलं. आणि म्हणता म्हणता उभी राहिले."

आत्याने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"ते संथ होतं म्हणून मला जमलं. उड्या मारत असतं तर मी मागेच राहिले असते, आत्या. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवायची होती. पीठ मळायला घेतलं तर हात चालेनात. मग त्याच चालीवर मळलं. अजून तसंच मळते. बघा ना."

आत्याने बघितलं. खरंच की! हात पुढे, हात मागे, सगळं एका सारख्या, जड लयीत. ती इतका वेळ समोर बसली होती आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं. बापाचं गाणं पिठात गेलं होतं, त्याचा पाव होऊन अख्ख्या गावाच्या ताटात जात होतं, आणि ती सकाळ-संध्याकाळ तोच पाव खाऊन गाणं हरवलं म्हणून कुरकुरत होती.

तिने पिशवी जवळ ओढली. "लग्नात नको म्हणायला," ती म्हणाली. "मी पोरीला समजावते. तुमचं बरोबर आहे."

"थांबा की. एवढ्या लांबून भांडायला आलात आणि लगेच हरलात?" विहीणबाईंनी मनगटाने कपाळ पुसलं, तिथे पिठाचा पट्टा उमटला. "मला ते आधीचं कसं होतं ते ऐकवा. मी कधी ऐकलंच नाही ना."

"माझा आवाज म्हणजे गंजलेली कात्री."

"इथे ऐकायला मी आणि पीठ."

मग आत्या उभी राहिली. टेबलाचा कोपरा धरून तिने जाड तळाचा बूट फरशीवर आपटला. टाऽक-टुक, टाऽक-टुक. त्यावर गाऊ लागली. आवाज फाटका, पण चाल अशी ठुमकत निघाली की विहीणबाई आधी चकित झाल्या आणि 'कशाला रे जोडे' आल्यावर खो खो हसल्या. "बूटवाल्याने म्हणायचं, जोडे कशाला! अहो, इतकी वर्षं मी ही ओळ रडत म्हटली!"

"आमच्या आईला विचारा," आत्या म्हणाली. "तीही रडलीच होती."

दोघी हसल्या. हसता हसता विहीणबाईंचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, हात पिठाचे होते म्हणून. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. आत्याने पुन्हा म्हटलं. विहीणबाई त्या चालीवर मळायला गेल्या आणि पिठाचा गोळा टेबलावरून घसरून खाली पडला.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलं होतं. आताच्या ऑर्गन मास्तरांना चाल कशी वाजवायची ते बजावून सांगितलं होतं, पण इतक्या वर्षांची सवय. दार उघडलं, नवरी वडिलांच्या हाताला धरून उभी राहिली, आणि मास्तरांची बोटं आपोआप जुन्या वाटेने गेली. संथ, जड, सारखी. मंडळी चेहरे पाडून उभी राहिली. मागच्या बाकावरच्या एका काकांनी रुमाल काढला आणि बायकोला हळूच विचारलं, "अगं, कोण गेलं?"

आत्या पहिल्या बाकावर होती. तिने काही केलं नाही. आपण आता मध्ये पडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. संथ तर संथ.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. टाऽक-टुक. विहीणबाई आपल्या नव्या कोऱ्या बुटाची टाच फरशीवर आपटत होत्या, ओठ घट्ट मिटून, समोर बघत. टाऽक-टुक, टाऽक-टुक. मास्तरांनी दचकून मान वळवली, बाईंकडे बघितलं, आणि एक सूर गिळून पुढचा उडवला. गीत अडखळलं आणि चालायला लागलं. आत्याने आपला बूट मिसळला. मग पोरं. त्यांना आपटायला निमित्तच हवं होतं.

आणि दारातून नवरीचे वडील, ज्यांनी जन्मात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, ते मुलीचा हात धरून मुद्दाम लंगडत निघाले. नवरीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तीही लंगडायला लागली. गुच्छ एकीकडे, ओढणी एकीकडे. चर्च हसायला लागलं. पाळकांनी गीतपुस्तक तोंडापुढे धरलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

शेवटचं कडवं मात्र कोणी न सांगता संथ झालं. नवरी येऊन नवऱ्याजवळ उभी राहिली होती, आणि विहीणबाई मुलाकडे बघत गात होत्या; त्याच्या शेजारी जो उभा असायला हवा होता त्याच्याकडेही. लोकांनी त्यांच्यासाठी पाऊल आखडतं घेतलं. आत्यानेही घेतलं. तिने विहीणबाईंचा हात हातात धरला आणि शेवटचा सूर त्या सोडेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर त्या चर्चमध्ये गीत दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. लग्नाला लंगडी चाल, दफनाला सरळ. बाप्तिस्म्याला कुठली, यावर अजून वाद चालतो, आणि तो मिटू नये असंच पुष्कळांना वाटतं. दुसऱ्या गावांत बातमी गेली. काही ठिकाणी पाळकांनी नाकं मुरडली, काही ठिकाणी पोरांनी फरशा फोडल्या.

लग्नानंतर पंधरवड्याने एका दुपारी विहीणबाई आत्याच्या दुकानात आल्या आणि एक बूट समोर ठेवला. आत्याने तो उलटा करून बघितला, शिवण तपासली, टाच दाबून बघितली.

"ह्याला काहीच झालेलं नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला," विहीणबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "बसू का जरा? दुसरं कडवं मला अजून नीट जमत नाही."