मेलितोपोलची बाजू

अमेरिकेत नातवंडांकडे राहायला आलेला म्हातारा म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हक्काचा माणूस. अ‍ॅशबर्नच्या एका हायस्कुलात वादविवाद स्पर्धा होती. इथला नियम असा, की शाळेनं मुलं पाठवायची तर परीक्षकही पाठवायचे, आणि परीक्षक म्हणजे मुलांचे आईबाप. माझा मुलगा गिरीश नेमका ऑन-कॉल होता. मग नात अनया मागे लागली.

"आजोबा, प्लीज. नाहीतर आमची एंट्री कॅन्सल होईल."

"अगं, मी जन्मभर पूल बांधले. मला यातलं काय कळतं?"

"यू जस्ट लिसन अँड डिसाइड!"

शेवटच्या फेरीला मला एका वर्गात पाठवलं. जिंकेल तो राज्य पातळीवर जाणार होता. समोर दोघं होती. एक कुश, चुणचुणीत, आल्या आल्या "काका, तुम्ही मराठी ना?" म्हणाला. दुसरी दारिना, सोळा-सतरा वर्षांची, गप्प, कागद लावत बसलेली.

इथे माझी चूक झाली. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न तोंडातून सुटतोच, मूळचे कुठले? कुशला विचारलं, त्याचे आजोबा सांगलीचे निघाले. मग एकट्या त्याच्याशीच बोलणं बरं दिसेना, म्हणून तिलाही विचारलं.

"मेलितोपोल, युक्रेन," ती म्हणाली. "आजी अजून तिथेच आहे. आक्रमण झाल्यापासून गाव रशियाच्या ताब्यात आहे."

फळ्यावर विषय लिहिला होता: युक्रेननं जमीन सोडून तह करावा, की लढत राहावं? इथे आपल्या मताची बाजू घ्यायची सोय नसते. नाणं उडवतात. जिंकेल तो बाजू निवडतो, उरलेली दुसऱ्याची. कुशनं नाणं जिंकलं आणि 'लढत राहावं' घेतलं. म्हणजे आजीचं गाव शत्रूकडे राहिलं तरी चालेल, हे आता या पोरीनं मला पटवायचं. कशाला विचारलंस त्र्यंबका, असं स्वतःलाच चार वेळा म्हणालो. पण खोटं कशाला सांगू, ही आता काय बोलणार याची उत्सुकता इतकी वाटली की मी खुर्ची पुढे ओढली.

कुश छान बोलला. एक इंचही देऊ नका, आज दिलंत तर उद्या आणखी मागतील. माझी मान आपोआप डोलत होती. लढाईचं नाव काढलं की आपली छाती फुगतेच. पुरंदरला आपणही तेवीस किल्ले देऊन तह केला होता, हे आठवायला मला जरा वेळच लागला.

दारिनानं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, जमीन पुढे मागे परत मिळते, गेलेलं माणूस मिळत नाही. तहात पहिली अट माणसांना बाहेर पडू देण्याची घाला, नकाशावर नंतर भांडा. सही केली म्हणजे हक्क सोडला असं होत नाही.

मग कुशनं उलटतपासणी घेतली. "म्हणजे तिथल्या लोकांना तू सांगणार, आम्ही तुम्हाला सोडून दिलं?"

त्या बिचाऱ्याचं माझ्या चौकशीकडे लक्षच नव्हतं, मी तिला गाव विचारलं तेव्हा तो लॅपटॉपचा चार्जर लावत होता. मी खाली बघितलं. आजीचं नाव काढलं असतं तर फेरी तिथेच संपली असती. तिनं ते काढलं नाही.

"मी त्यांना आधी विचारीन," ती म्हणाली. "तू कोणाला विचारलंस?"

कुश कागद चाळत राहिला.

निकालाला मी दहा मिनिटं घेतली. एकीकडे आपला सांगलीचा पोरगा, दुसरीकडे तिची आजी. पूल तपासताना कंत्राटदार कोणाचा भाचा ते बघायचं नसतं. मी फक्त मुद्दे वाचले, पुन्हा वाचले. दारिना जिंकली होती, तसं सांगितलं. कुशनं हात मिळवला आणि तो गेला.

ती मात्र थांबली. "सर, तुम्हाला खरंच पटलं? की मी कुठली ते कळलं म्हणून?"

"शंभर टक्के पटलं. सुरुवातीला मी कुशच्या बाजूचा होतो."

मला वाटलं, खुलेल. ती खालीच बसली.

"हे सगळे मुद्दे माझ्या आईचे आहेत," ती म्हणाली. "ती रोज जेवताना म्हणते, तह करा, माझ्या आईला बाहेर येऊ द्या. मी तिला भित्री म्हणते. आठवडा झाला, आम्ही बोलत नाही."

मी तिची बॅग उचलून दिली.

कॉरिडॉरमध्ये एक बाई हातात कोट धरून उभी होती. तिनं लांबूनच भुवया उंचावल्या, कोण जिंकलं?

दारिनानं बोट आईकडे केलं.