उन्हाआड धरलेला हात

"हात जरा वर घे," कॅमेऱ्याला डोळा लावून तो म्हणाला. "अजून. बास. आता हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल?" बायकोने विचारलं.

समोर होडी-दुरुस्तीचा धक्का होता आणि धक्क्यामागून ऊन सरळ लेन्समध्ये घुसत होतं. लेन्सवर उन्हापासून आडोसा करणारं हूड त्यांच्या पहिल्याच प्रवासात खडकावर आपटून फुटलं होतं. नवं घेऊ, नवं घेऊ म्हणत राहून गेलं, कारण तोवर बायकोला डावीकडे उभं राहून, चौकटीच्या जेमतेम बाहेर तळहात धरायची सवय झाली होती. कुठल्याही गावात ऊन समोरून आलं की ती न सांगता डावीकडे सरकायची.

त्याने बटण दाबलं. फोटो पाहिला. पालथी घातलेली होडी, डांबराचा डबा, पाण्यावरची चमक. सगळं जागच्या जागी. त्याला तो फोटो फेकून द्यावासा वाटला.

तो ज्या मासिकासाठी गावोगावचे फोटो काढायचा, त्याच्या संपादक बाईंचा सकाळीच फोन आला होता. वयाने त्याच्या मुलीएवढ्या. "सर, फोटो सुंदरच आहेत," त्या म्हणाल्या होत्या, "पण दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत लावतात तसे. तिथल्या कोणाशी तुमचं काही देणंघेणं आहे असं दिसत नाही. उद्यापर्यंत तसं दिसणारा एखादा पाठवा. नाहीतर या अंकात दुसऱ्या कोणाचे घेते, आणि पुढचंही मग बघू." पुढचंही बघू म्हणजे काय, हे समजण्याइतकी वर्षं त्याने या धंद्यात काढली होती.

म्हणून आज तो माणसांच्या मागे लागला होता. इथली भाषा येत नसल्यामुळे होडी ठोकणाऱ्या सुताराला त्याने खुणेने फोटोचं विचारलं, तर त्याने हातोडी ठेवली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि छाती काढून पुतळ्यासारखा उभा राहिला. काम चालू ठेवा, हे खुणेने सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले. जाळं विणणारी बाई त्याला पाहून आत निघून गेली. थोड्या वेळाने तीच बाई दारात बसून बायकोला गाठ कशी मारायची ते दाखवत होती आणि दोघी भाषेवाचून हसत होत्या. त्याने धावत येऊन कॅमेरा उचलला.

"तू बाजूला हो. मध्ये येतेयस."

बायको उठली. तिच्यासोबत बाईचं हसूही उठलं.

आता दुपार कलली होती. त्याने पुन्हा नेम धरला आणि पुन्हा कॅमेरा खाली घेतला.

"बोटं आली."

"कुठे?"

"वरच्या कोपऱ्यात. इतकी वर्षं झाली, तुला अजून अंदाज येत नाही?"

"इतकी वर्षं माझी बोटंच तेवढी येतायत तुमच्या फोटोंत," ती म्हणाली. "तीही तुम्ही घरी जाऊन कापता."

ती रागाने बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं सांगितलं. मग म्हणाली, "बुटात खडा गेलाय. मी बसते जरा," आणि धक्क्याच्या टोकाला एका पालथ्या होडीवर जाऊन बसली.

"अगं, तिथे नको, फ्रेममध्ये..."

"मग कुठे जाऊ? पाण्यात?"

तिने बूट काढून झटकला. त्याने चडफडत, एकट्यानेच कॅमेरा लावला. आडोसा नसल्यामुळे सगळं पांढुरकं दिसत होतं. होडीची कड विरलेली, पाणी नाहीसं झालेलं. आजचा दिवस गेला, हे त्याला त्या पांढऱ्या धुरकटात स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात तिने मान वर केली. लेन्सवर ऊन येतंय हे तिला तिथूनही कळलं असावं. एका हातात बूट तसाच धरून तिने दुसरा हात वर केला आणि तळहात त्याच्या दिशेने धरला. इतक्या लांबून तिच्या हाताचा काडीचा उपयोग नव्हता. तरी तिने तो थोडा डावीकडे घेतला, मग अजून थोडा वर, आणि तो कधी 'बास' म्हणतो याची वाट पाहत थांबली.

त्याने बटण दाबलं.

फोटो वाकडा आला होता. अर्धा उन्हाने खाल्लेला. एखाद्या शिकाऊने असा काढला असता, तर त्याने त्याला दोन गोष्टी सुनावल्या असत्या. त्याचा अंगठा सवयीने पुसायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"आली का बोटं?" तिने लांबून विचारलं.

"आली."

"मग काढून टाका. थांबा, आले मी." ती एक बूट घालून, एक हातात घेऊन लंगडत आली आणि त्याच्या डावीकडे उभी राहिली. हात वर केला. "हं. घ्या आता."

त्याने कॅमेरा उचलला नाही.

"लेन्सचं झाकण कुठेय?"

ते नेहमीसारखं तिच्याच खिशात होतं. "ऊन आहे की अजून," ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, आणि ती बूट घालेपर्यंत त्याने आधाराला तिच्यापुढे खांदा धरला.