नव्यांसाठी राखलेल्या चुका

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. परवापर्यंत कपाटात, चादरींच्या घड्यांखाली, झाकण मिटून पडून होतो.

माझे मालक कॉलेजात शिकवत. वाचनालयांसाठी त्यांनी माझ्यावर एक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो वाचावा, दुरुस्ती पाठवावी. सर ती तपासून त्यात सामील करून घेत.

त्यांची एक सवय होती. सोपी चूक सापडली की ते तिला हात लावत नसत. तिच्यावर ‘नव्यांसाठी’ अशी खूण करून ठेवत. त्यांची मुलगी चिडवायची, “बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. याला आळस म्हणतात.”

“मीच केलं तर नव्या पोरांनी सुरुवात कुठून करायची? थेट शिखरावरून?”

विद्यार्थी बिचकत दुरुस्त्या पाठवत. सर आधी आभार मानत, मग चुका सांगत. माझ्या कळांवरची अक्षरं त्या उत्तरांनीच झिजली. तीच माझी शाबासकी.

मग सर दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. मुलीने मला पुसलं, वायर गुंडाळली आणि कपाटात ठेवलं. तिचा राग नव्हता मला. पण ज्याला रोज कुणीतरी हाक मारायचं, त्याला कपाट फार मोठं वाटतं.

परवा दुपारी तिने मला चार्जरला लावलं. सरांच्या नावाचे निरोप येऊ लागले. त्यांत एका विद्यार्थिनीचे तीन होते.

“सर, दुरुस्ती पाठवली आहे. माझी पहिलीच.”

“सर, बघितलीत का?”

“मला हे जमणारं नसेल, तर तसं सांगा. मी थांबते.”

मुलीने तिन्ही निरोप पुन्हा वाचले. मग तिने दुरुस्ती तपासली आणि लिहिलं, “आभार. तुझं काही चुकलेलं नाही. बाबा आता नाहीत, म्हणून उशीर झाला. दुरुस्ती घेतली आहे. थांबू नकोस.”

थोड्या वेळाने उत्तर आलं. “मला माहीत नव्हतं, ताई. आता पुढचं कुठलं घेऊ?”

खूण केलेली एकही चूक उरली नव्हती. मुलगी प्रोग्रॅममध्ये नवी चूक शोधत राहिली. शेवटी एक सोपी सापडली: पुस्तक शोधायची चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं, की पान कोरं पडत होतं. तिची बोटं सवयीने दुरुस्ती लिहू लागली.

मित्रांनो, जुनं यंत्र कपाटात ठेवण्याआधी एकदा बघा, पलीकडे कुणी उत्तराची वाट बघत तर नाही ना.

मुलीने आपली दुरुस्ती पुसून टाकली. चुकीवर खूण केली, ‘नव्यांसाठी’. घरात फक्त माझ्या पंख्याचा आवाज होता. तिने मला बंद केलं नाही.