सायाच्या कुंपणावरचे नाव

मित्रांनो, मी एक फॉन्ट आहे. संगणकात राहणारे हस्ताक्षर. नुकुआलोफा या आमच्या बेटावरच्या शहरातल्या शाळेत कालोलाइने बाईंनी मुलांना जन्मभर जोडून लिहायला शिकवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी टाकाने एकेक अक्षर काढून दिले, आणि त्यांच्या भाचीने, लुपेने, ते आपल्या छपाईच्या दुकानातल्या संगणकात उतरवले. तोच माझा जन्म. मी इंग्रजीसारख्या रोमन लिपीचा, म्हणून माझ्यात प्रत्येक अक्षर लहान आणि मोठे असे दोन रूपांत आहे. माझी लहान अक्षरे एकमेकांचे हात धरून चालतात. मोठी अक्षरे मात्र झोकदार आणि एकलकोंडी. त्यांना भोवती मोकळी जागा लागते.

लग्नपत्रिकांवर मी असे. आभारपत्रांवर असे. लोक मला नाजूक म्हणत. पण मला हवे होते कुंपण. कोणाला पदवी मिळो, कोणाचे मूल वर्षाचे होवो, आमच्याकडे कुंपणावर भलेमोठे बॅनर लागते, आणि त्यावर दर वेळी तो जाडा, ठोकळ्यासारखा फॉन्ट. ना वळण, ना लय. तरी येणाराजाणारा त्यालाच मोठ्याने वाची आणि माझा जळफळाट होई.

एके दिवशी साया दुकानात आला. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. तिला त्याच्या थोरल्या बहिणीने स्वतःचेच नाव दिले होते, लातायी. आमच्याकडे आत्याचा मान सर्वांत मोठा. ती चटईवर बसल्याशिवाय जेवणाला कोणी हात लावत नाही.

"नाव या देखण्या अक्षरात कर," साया म्हणाला. "पण सगळी मोठी अक्षरं घे. ताईचं नाव बारीक अक्षरात कसं चालेल?"

"अरे, पायात पाय अडकतील त्यांचे," लुपे म्हणाली.

"अडकू देत. कुंपण माझं आहे."

मी हरखलो. जाड्याकडे पाहून फुगलोसुद्धा.

वाढदिवसाला ताई वावाउ बेटावरून बोटीने आली. गाडी कुंपणापाशी थांबली.

"कुणाचा वाढदिवस हा?" तिने विचारले.

"तुझ्या भाचीचा, ताई. नाव वाच ना."

"नाव कुठाय? मला तर गुंतलेलं जाळं दिसतंय. मी दिलेलं नाव बदललंत ना? तसं सरळ सांगा, मी बोटीत परत जाऊन बसते."

साया समजावत राहिला, पण ती उतरेना. जेवणासाठी भट्टीत भाजलेले डुक्कर निवू लागले, पाहुणे माना खाली घालून बसले. शेवटी साया धावत दुकानात आला.

"लुपे, दुसरं करून दे. शिव्या नंतर दे."

"देणारच आहे," लुपे म्हणाली आणि तिने जाड्याला निवडले.

नवे बॅनर लागले. ताईने गाडीतूनच वाचले, "लातायी." मग ती उतरली आणि चटईवर जाऊन बसली. मला गुंडाळून घराच्या मागच्या दाराशी टाकले होते. नाव वाचतानाचा तिचा आवाज मला तिथे ऐकू आला होता. तो सुंदर होता, आणि तो जाड्यासाठी होता.

मित्रांनो, मला निवडाल तेव्हा माझ्या अंगाचे वळण आधी पाहा. मोठे अक्षर एकच, सुरुवातीला द्या. पुढच्यांचे धरलेले हात सोडवू नका. दुरून जाणाऱ्यासाठी त्या जाड्याला बोलवा, माझी तक्रार नाही. पण जे कोणी हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून वाचणार असेल, ते माझ्यासाठी राखून ठेवा. तिथे त्याला बोलावू नका.