बारा कडी, सोळा सेकंद

नवा कॅमेरा ताब्यात घेताना त्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही वृत्तवाहिनीच्या वर्कशॉपमधल्या इंजिनिअरबाईंच्या मनाविरुद्ध केल्या. माहितीपुस्तक न उघडता परत दिलं. आणि जुन्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून चित्र बघायची ती नळी, काढून नव्याला बसवला.

"हा रंगीत दाखवतो, तो काळं-पांढरं," बाई म्हणाल्या. "एवढा एचडी कॅमेरा आणलाय, आणि तुम्ही त्याला आजोबांचा चष्मा लावताय."

"काळ्या-पांढऱ्यात फोकस स्वच्छ कळतो. रंगात डोळा फसतो."

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. जुना कॅमेरा परवा कायमचा बंद पडला होता आणि आज दहा वाजता वीजकेंद्राचं धुराडं पाडणार होते. बाईंनी स्वतः बटण दाबून चाचणी घेतली, कार्ड तपासलं, बॅटऱ्या मोजून दिल्या.

"एक लक्षात ठेवा, दशमान. तुम्ही बटण दाबायच्या आधीची पंधरा सेकंदं हा स्वतःजवळ धरून ठेवतो. सतत. बटण दाबलंत की आधी ती कार्डावर उतरवतो, मग पुढचं. ते मी चालू करून ठेवलंय."

"पंधरा सेकंदांचं काय घेऊन बसलात? आमच्या घरी पंधरा वर्षांपूर्वीचं शब्दन् शब्द लक्षात ठेवणारं माणूस आहे."

"सांगू वहिनींना?"

"नको," म्हणत त्याने कॅमेरा उचलला.

दशमान हे नाव त्याला ऑफिसने दिलं होतं. टेपच्या काळात त्याच्या गुरूने त्याला एक नियम घालून दिला होता: प्रसंग संपला की दहा आकडे मोजायचे, मग कॅमेरा बंद करायचा. आधी बंद केला तर चित्रांचं जोडकाम करणाऱ्याला शेवट मिळत नाही, नंतर केला तर टेप फुकट जाते. टेप गेली, कार्डं आली, गुरू निवृत्त झाला, आकडे राहिले. सव्वीस वर्षांत तो नवावर थांबला नव्हता की अकरावर गेला नव्हता.

त्याची आणखी एक सवय होती. ती त्याची त्यालाही माहीत नव्हती, कारण ती हाताची होती. जुन्या कॅमेऱ्याला चालू-बंद करायची दोन बटणं होती. एक लेन्सवर, अंगठ्याखाली. दुसरं कॅमेऱ्याच्या अंगावर. लेन्सवरचं बटण सात वर्षांपूर्वीच मेलं होतं. अंगठ्याला ते कुणी कळवलं नव्हतं. तो आधी मेलेलं बटण दाबायचा, मग दुसरा हात जिवंत बटण दाबायचा, आणि कॅमेरा चालू व्हायचा.

नव्या कॅमेऱ्याची दोन्ही बटणं जिवंत होती.

*

धुराड्याची उंची एकशे दहा मीटर. ते बांधायला साठ वर्षांपूर्वी दोन टोळ्या लावल्या होत्या. खालचा भाग एका टोळीने रचला; वरचा, म्हणजे विटांभोवती आवळलेल्या शेवटच्या बारा लोखंडी कड्यांमधला, दुसरीने. त्या दुसऱ्या टोळीत चोवीस वर्षांचा एक गवंडी होता. तो आता चौऱ्याऐंशी वर्षांचा झाला होता, खुब्याचं हाड मोडून घेऊन घरात बसला होता, आणि आठवडाभर त्याने मुलाला, म्हणजे दशमानला, एकच गोष्ट ऐकवली होती.

"वरची बारा कडी आकाशात फुटायची नाहीत. जमिनीला लागेपर्यंत अख्खी येतील."

"बाबा, त्यांचे इंजिनिअर म्हणतात हवेतच तुकडे होणार."

"इंजिनिअर वर चढला होता का?"

"नसेल."

"मी सात महिने वर होतो. डबा दोरीने वर यायचा. प्रत्येक वीट ओली करून लावली आहे. खालच्या टोळीचं मला विचारू नकोस. ते लोक ऊन लागलं की सावलीत."

दशमानची बायको ताटं घेत म्हणाली, "साठ वर्षं झाली, बाबा. सोडा आता त्या टोळीला."

"मी सोडीन. त्यांच्या कामात फूट पडेल ना, ती नाही सोडणार." मग मुलाकडे बघून म्हातारा जरा हळू बोलला. "मला ते पडताना दाखव. बाकी काही मागत नाही तुझ्याजवळ."

एरवी तो काहीच मागत नसे. त्यामुळे हे मागणं घरात एखाद्या मोठ्या कपाटासारखं उभं राहिलं होतं. येता-जाता लागत होतं.

*

चित्रीकरणाला परवानगी एकाच कॅमेऱ्याला होती. धुराड्यापासून चारशे मीटरवर कार्यालयाची सपाट गच्ची होती, तिथून तो चित्र घेणार आणि ते सगळ्या वाहिन्यांना वाटलं जाणार. स्फोट करणाऱ्या कंपनीचे दोन छोटे कॅमेरे होते, पण ते पायथ्याकडे रोखलेले. फोन फाटकावरच बंद करून पेटीत ठेवायला लावले होते. सुरुंगांजवळ फोनच्या लहरी नकोत असा नियम. थेट प्रक्षेपणाची गाडी दुसऱ्याच कामावर गेली होती. म्हणजे वरचा भाग कसा पडला हे जगाला कळायचं असेल तर ते त्याच्याच कार्डावरून कळणार होतं.

सोबत बातमीदार मुलगी होती. तिने कंपनीच्या इंजिनिअरला गाठलं.

"हवेत फुटणार का?"

"तीन ठिकाणी. शेंडा सगळ्यात आधी विस्कटतो."

"आमच्या दादांचे वडील म्हणतात अख्खा येईल."

"वडील काय करतात?"

"गवंडी होते. त्यांनीच बांधलाय."

इंजिनिअर हसला. "बांधणाऱ्याला आपलं काम पडेल असं कधी वाटतंय?"

दशमान ट्रायपॉडची पातळी बघत होता. मग त्याने डोळा लावला, आणि पहिल्यांदा नव्या लेन्समधून धुराड्याकडे नीट पाहिलं.

सव्वीस वर्षं त्याने जगाकडे जाळीतून पाहिलं होतं असं वाटलं. चारशे मीटरवरची वीट दिसत होती. भिंत नव्हे, वीट. विटेच्या कडेचा चुन्याचा सांधा दिसत होता. शेंड्याजवळ एका कड्यावर बसलेलं कबूतर मान वळवत होतं, आणि त्या मानेवरची चमक काळ्या-पांढऱ्यातही कळत होती. त्याने वरून खाली कडी मोजली. बाराव्या कड्याखाली विटांची वीण बदलत होती. वर बारीक सांधे, खाली जाड. साठ वर्षांचं घरातलं भांडण तिथे रेघ ओढल्यासारखं स्पष्ट दिसत होतं.

"दादा, काय बघताय एवढं?"

"कामातला फरक," तो म्हणाला.

दहाला दोन मिनिटं असताना पहिला भोंगा झाला. एक मिनिट असताना दुसरा. त्याच्या अंगठ्याने लेन्सवरचं बटण दाबलं, दुसऱ्या हाताने अंगावरचं. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात ठिपका होता. जुन्या कॅमेऱ्यात ठिपका म्हणजे चित्रीकरण चालू. नव्या कॅमेऱ्यात ठिपका नेहमीच असतो, थांबलेला असताना हिरवा आणि चालू असताना लाल. काळ्या-पांढऱ्या नळीत दोन्ही ठिपके पांढरे होते.

आधी काहीच झालं नाही. मग पायथ्याशी धुराचे सात-आठ गोळे फुटले, अगदी मुकाट्याने, कुणी दूर उभं राहून कापूस उडवावा तसे. एका सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने आवाज आला, आणि तो कानांत नाही, छातीत आला. गच्ची पायाखाली हलली. कबुतरं उडाली.

धुराडं उभंच राहिलं.

तीन सेकंदं, चार सेकंदं. बातमीदार कुजबुजली, "पडत नाहीये?" तेवढ्यात शेंडा चौकटीच्या कडेपासून केसभर सरकला. एवढी प्रचंड वस्तू इतकी हळू हलताना त्याने कधी पाहिली नव्हती. ती पडत नव्हती, वळून काहीतरी बघत होती. मग हळूपणा संपला. आकाशाचा एक अख्खा भाग खाली यायला लागला. दशमान कॅमेरा धुराड्याबरोबर खाली आणत होता, शेंडा चौकटीत ठेवत होता. आणि जो चौकट सांभाळतो त्याला बघायला सवड नसते. मधे कुठेतरी काहीतरी तुटलं एवढं त्याला जाणवलं. कुठे, ते कळलं नाही. जमीन उसळली.

एक, तो मनात म्हणाला. दोन.

धुळीची भिंत गच्चीकडे निघाली. "दादा, बंद करा, चला!" बातमीदाराने ओढणी तोंडाला लावली. पाच. सहा. धुळीतून विटांचा पाऊस ऐकू येत होता. नऊ. दहा.

अंगठ्याने लेन्सवरचं बटण दाबलं, दुसऱ्या हाताने अंगावरचं. मग त्याने कॅमेऱ्यावर स्वतःचा कोट टाकला आणि दोघं जिन्याकडे धावले.

*

जिन्याच्या वळणावर बसून त्याने कॅमेऱ्याच्या बाजूचा छोटा पडदा उघडला. कार्डावर एका लांब क्लिपऐवजी दोन क्लिपा होत्या. दोन्ही सोळा सेकंदांच्या.

त्याने पहिली लावली. उभं धुराडं, कबूतर, भोंगा. सोळा सेकंदं. संपली.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठा आपोआप हलला, मग दुसरा हात. आणि मग सगळं समजलं. अंगठ्याने चालू केलेलं दुसऱ्या हाताने बंद केलं होतं. चालू, बंद. सबंध वेळ कॅमेरा थांबलेला होता. पाडून झाल्यावर पुन्हा चालू, बंद. म्हणजे दुसऱ्या क्लिपमध्ये काय असणार? धूळ.

"दादा? अहो, काय झालं? पांढरे पडलात."

"धुळीने," तो म्हणाला. दुसरी क्लिप लावायचं त्याचं धाडस झालं नाही. धुराडं पुन्हा उभं करता येणार नव्हतं. संपादकांचं त्याने ऐकून घेतलं असतं, सगळ्या वाहिन्यांचंही. म्हातारा मात्र बोलणार नाही. तो नुसता मान हलवेल आणि भिंतीकडे बघेल.

फाटकावर फोन परत मिळाला. त्याने इंजिनिअरबाईंना लावला आणि जे झालं ते एका दमात सांगितलं.

बाईंनी विचारलं, "दोन्ही बटणं दाबता तुम्ही?"

"दाबतो असं आज कळलं."

"दुसरी क्लिप किती लांब आहे म्हणालात?"

"सोळा."

"दशमान, तुम्ही एक सेकंद चालू ठेवलात आणि क्लिप सोळाची आहे. उरलेली पंधरा कुठून आली?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी सांगत होते तेव्हा वहिनींवर विनोद चालला होता. आता सांगा, धुराडं जमिनीला लागल्यावर किती मोजलंत?"

"दहा."

"नक्की? घाबरून बारा-तेरा नाही ना?"

"दहा," तो जरा दुखावून म्हणाला.

"मग पंधरातून दहा वजा करा आणि क्लिप बघा. माझं डोकं खाऊ नका."

फाटकाच्या कठड्यावर कॅमेरा ठेवून, हाताची सावली धरून, त्याने दुसरी क्लिप लावली.

धुराडं कललेलं होतं, निम्मं आकाशात, आणि खाली येत होतं. रंगात. लाल विटा, काळी कडी, निळं आकाश. त्याने बटण दाबायच्या कितीतरी आधीचं, त्याचा हात चुकलेला असतानाचं. कुणी न सांगता, पुढे काय होणार हे माहीत नसताना, या यंत्राने प्रत्येक क्षण ओंजळीत धरला होता आणि मागचा सोडत पुढचा घेतला होता. पाच सेकंदं होती. सहावं नव्हतं. अकरा मोजले असते तर चारच उरली असती.

त्याने पुन्हा लावली. बातमीदार त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने विचारलं, "सुरुवात कुठाय?"

"चुकली. माझी चूक."

संपादकांनाही त्याने हेच सांगितलं आणि कामाच्या नोंदीत हेच लिहिलं. संपादक पाच मिनिटं तापले, मग त्यांनी दोन्ही क्लिपा एकापुढे एक लावून पाहिल्या. उभं धुराडं, लगेच पडतं धुराडं. "जाऊ दे," ते म्हणाले. "मधलं कुणी विचारणार नाही. असलं चित्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही." संध्याकाळच्या बातम्यांत सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं.

*

घरी त्याने क्लिप टीव्हीला जोडली. बाबांची खुर्ची बायकोने जवळ सरकवून ठेवली होती. पाच सेकंदं झाली, मग अकरा सेकंदं धूळ.

"सुरुवातीचं नाही मिळालं, बाबा."

"सुरुवातीला मी होतो की तिथे," म्हातारा म्हणाला. "थांबव ते. जमिनीला लागायच्या आधी."

त्याने चित्र थांबवलं. पडद्यावर धुराडं जमिनीपासून हातभर अंतरावर आडवं तरंगत होतं. मधे एक मोठी फट पडली होती, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. फटीच्या खालचा भाग विस्कटला होता. वरचा अख्खा होता. नळीसारखा सरळ, एक सांधा सुटलेला नाही. चित्र इतकं स्वच्छ होतं की पडदा हा पडदा वाटत नव्हता.

बाबा काठी टेकत उठले. मोडलेल्या खुब्याने चार पावलं टाकून पडद्याजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवून शेंड्यापासून कडी मोजायला लागले.

"दहा. अकरा. बारा." बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "तेरा."

"बाराच म्हणाला होतात ना?" बायकोने विचारलं.

बाबांनी पुन्हा वरून मोजलं. पुन्हा तेरा. फट तेराव्या कड्याखाली होती. एक कडं खालच्या टोळीचंही टिकलं होतं.

म्हातारा बराच वेळ त्या तेराव्या कड्यावर बोट ठेवून उभा राहिला.

"बरं काम केलं होतं रे त्यांनी," तो म्हणाला. "लाव पुन्हा."